बावीस माणसांच्या भाकरी

माघ निम्मा झाला की वैरागच्या शेतावरून शाळूचं पोतं येतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते चढवताना हमाल पहिल्या मजल्यावर एकदा आणि दुसऱ्यावर दोनदा थांबतो. जिथं पोतं टेकवतो तिथं थोडी धूळ, थोडं भुसकट आणि दोन-चार दाणे सांडून ठेवतो. सोसायटीचे सेक्रेटरी मग माझ्याकडं बघतात. मी त्यांच्याकडं बघत नाही, कारण मी खाली वाकून ते दाणे वेचत असते. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं जिन्यात वाकू नये असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. दाणे दिसले की माझे गुडघे कुणाचं मत विचारत नाहीत.

मी भाच्याकडं राहते. त्याची बायको वैशाली गुणाची मुलगी आहे. बँकेतली नोकरी सांभाळून ती माझ्यासाठी रोज भाकरी करते आणि तिची भाकरी फुगतेही. पण शाळू नवा आला की पहिल्या दिवशी मी तिला सरकवून ओट्याशी उभी राहते. नव्या जोंधळ्याच्या पिठाला विरी असते. पाणी पडलं की ते हाताला धरून राहतं, थापताना कडेला चिरत नाही. वैशाख-जेठात जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही चांगली सुगरण असो, भाकरी परातीतच फाटते. नव्या शाळूची भाकरी तव्यावर पडली आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरला की एक गोडसर, ओलसर वास उठतो. त्या वासाबरोबर मी बावीस वर्षांची होते, आणि लगेच मला लाजही वाटते. साठ वर्षं झाली, दोन्ही गोष्टी अजून जोडीनंच येतात.

ते तिसाव्या सालानंतरचे दिवस. सोलापुरात घड्याळं थोड्या घरांत होती आणि ती बहुधा बंदच असत. गाव उठायचं, जेवायचं, कामाला लागायचं ते गिरणीच्या भोंग्यावर. मी वैरागची. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला. सासरच्यांनी मला परत पाठवलं, तेव्हा वडिलांनी कुणाचंही न ऐकता पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. पास होऊन मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. राहायला एका गल्लीत खोली मिळाली. जेवणाचं काय, हा प्रश्न राहिला. मला स्वयंपाक येत नव्हता असं नाही, पण एकटीसाठी चूल पेटवायची इच्छा होत नव्हती. एका माणसाची आमटी करून बघा म्हणजे कळेल. ती कितीही करा, जास्तच होते.

खोलीपासून चार घरं सोडून गौरव्वाची खानावळ होती. गौरव्वा हे नाव फक्त तिच्या घरमालकाला माहीत असावं. बाकी सगळं जग तिला अक्का म्हणायचं. ती लिंगायत, मैंदर्गीची. नवरा गेल्यावर दोन पातेली आणि एक तवा घेऊन सोलापूरला आली होती. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मनगटापर्यंत सदा पीठ. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि दोन्ही मोजकं. तिच्याकडं बावीस माणसं जेवायला होती. सगळे गिरणीतले, बार्शी-अक्कलकोटकडच्या खेड्यांतून आलेले, बायकापोरं गावी ठेवून राहणारे. ते बाहेर सोप्यात बसायचे. मी बाईमाणूस, म्हणून अक्कानं मला आत चुलीपाशी पाट दिला. बाहेरच्या बावीस जणांनी अक्काचं जेवण खाल्लं, पण अक्काचं काम पाहिलं ते मी एकटीनं.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते. आमच्या घरची रीत अशी की ताट चाटूनपुसून खायचं नाही, ते आधाशीपणाचं लक्षण. चार घास ताटात ठेवून उठायचं, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आहे हे लोकांना दिसतं. मी भाकरीचा चतकोर आणि आमटीत भिजलेला थोडा भात तसाच ठेवला आणि पदर सावरून उठले. अक्कानं ताटली उचलली. मोरीकडं न जाता ती तशीच उभी राहिली. त्या चतकोराकडं बघत तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि आमच्या घराण्याची सगळी खानदानी त्या चतकोराएवढी दिसायला लागली. मी म्हटलं, "नाही हो अक्का, छान झालं होतं सगळं. आमच्याकडं असं ठेवायची पद्धत आहे."

"आसं व्हय," ती म्हणाली. वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटलीत पाऊण भाकरी आली, सुरीनं कापल्यासारखी नीट. मी ती सगळी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही पाऊण. चौथ्या दिवशी मला भूक राहिली आणि मी मागितली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं हसू माझ्या वर्गात कुणाला कधी पैकीच्या पैकी मार्क देऊनही मी पाहिलं नाही.

तिच्याकडं एक शब्द सगळ्यांना पाठ होता, "साकु". कानडीत पुरे. मराठी बोलणारा असो की उर्दू, वाढणारा हात थांबवायचा तर साकु म्हणायचं, आणि तेही भाकरी ताटलीत पडायच्या आधी. पडल्यावर ती तुमची. तिचे स्वतःचे लोक जेवण झालं की ताटलीत पाणी घालून, बोटानं निपटून ते पाणी पितात. अन्न म्हणजे शिवाचा प्रसाद, त्याचा कण टाकायचा नाही. अक्काही तेच करायची, पण बाहेरच्या कुणाला कधी करायला सांगितलं नाही. ती फक्त ताटल्या बघायची. माणसं हात धुवायला गेली की सोप्यातून एक फेरी मारायची. कुणाची आमटी राहिली, कुणी भात कडेला सारला, हे बघून ती आत येऊन मला सांगायची, "त्या करमाळ्याच्या मानसाचं पोट बरं न्हाय," नाहीतर "शिद्रामाला घरून पत्र आलंय जनू." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

तिच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडणारी केराची टोपली मी रोज बघत असे. तिच्यात कधी मूठभर राखेपलीकडं काही सापडलं नाही. दोडक्याच्या शिरा काढल्या की त्या तव्यावर तीळ घालून परतायच्या, त्याची चटणी. मेथीचे देठ बारीक चिरून डाळीत. भोपळ्याच्या बिया पत्र्यावर वाळत. भाताची पेज शेजारच्या नरसम्मेकडं जायची. नरसम्मा तेलुगू विणकराची बायको. ती त्या पेजेनं सुताला खळ द्यायची आणि रविवारी अक्काला परसातली आंबटचुक्याची जुडी आणून द्यायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुमच्या पेजेचं लुगडं होतं." तिला ते फार आवडलं. मग दोन दिवस जो येईल त्याला ती ते सांगत होती.

आणि भाकरी. सकाळी कामावर जाताना प्रत्येकानं दारातून डोकावून सांगायचं, की दुपारी आहे किंवा नाही. बस, एवढाच तिचा नियम. जो नाही म्हणून सांगून जायचा त्याची भाकरी ती थापायची नाही. न सांगता जो आला नाही त्याची उरायची. माणसं आजारी पडत, कुणी एकाएकी गावी जाई, त्यामुळं दिवसाकाठी दोन-चार उरतच. त्या ती चुलीच्या निखाऱ्यांशेजारी उभ्या टेकवून ठेवायची. संध्याकाळपर्यंत त्या पापडासारख्या कडक होत. दाराशी खुंटीला एक टोपली होती, तिच्यात त्या रचून ठेवायच्या. ज्याला हवी त्यानं गिरणीत न्यावी, चहात बुडवावी, चटणीशी खावी. जेवणात त्या कुणाला वाढायच्या नाहीत. जेवण गरम आणि ताजं, हा तिचा दुसरा नियम होता, तो बोलून दाखवायची तिला गरज वाटत नव्हती.

मी एकदा तिला विचारलं, "अक्का, एवढं का जपता हो तुम्ही?" मला मोठ्या उत्तराची अपेक्षा होती. लहानपणी पाहिलेला दुष्काळ, आईनं दिलेली शपथ, असं काहीतरी. अक्का म्हणाली, "मी थापलीया की. हात दुकत्यात माजे. हात दुकवून केलेलं टाकायचं मंजे काय?" आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

खरं तर याहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पण मास्तरकीचा एक रोग असतो. जे दिसेल त्याचा धडा करायचा, आणि धडा करताना तो जरा सजवायचा. तो रोग मला पहिल्या वर्षीच जडला होता आणि मला वाटायचं तो माझा गुण आहे.

माघातच तो दिवस होता. शाळू काढणीला आला होता, मुलींच्या फराकांच्या खिशांत हुरडा होता, वर्गभर त्याचा वास. चौथीला काटकसरीवर धडा होता. पुस्तकातलं उदाहरण नीरस होतं, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि अक्काची गोष्ट सांगितली. सुरुवात बरी झाली. दोडक्याच्या शिरा सांगितल्या, पेज सांगितली. मुली ऐकत होत्या. मग मी दुष्काळ घातला, जो अक्कानं कधी सांगितला नव्हता. एक उपाशी बहीण घातली. आणि सगळ्यात शेवटी, गोष्ट चढत जावी म्हणून, म्हटलं, "मुलींनो, आज उरलेली भाकरी ही माऊली उद्या कडक करून जेवायला वाढते, आणि गिरणीतली बावीस माणसं ती आनंदानं खातात!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी फार खूश होऊन घरी आले.

चार दिवसांनी दुपारी खानावळीत गेले तर सोप्यात आठ माणसं. बाकीच्या चौदा जागा रिकाम्या. आत अक्का चुलीसमोर बसली होती आणि तिच्या बाजूला भाकरींची चवड. चाळीस तरी असतील, नव्या शाळूच्या, पांढऱ्याशुभ्र, अजून वाफ धरलेल्या. मी विचारलं, "आज सुट्टी आहे का गिरणीला?" अक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मागच्या दारातून नरसम्मा आली होती, तिनं मला परसात ओढून नेलं.

"अय्यो बाई, तुमाला माहीत नाई? रामभाऊ जॉबर तेरा लोकाला घेऊन नाक्यावरच्या नव्या खानावळीला गेला. अक्का शिळं वाढते म्हणे. शाळेतून उठलं म्हणे."

रामभाऊ हा त्या सगळ्यांचा म्होरक्या. गिरणीत वीस मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम. तो ज्या घरी भाड्यानं राहायचा त्या घरची मुलगी माझ्या चौथीत पहिल्या बाकावर बसायची. नरसम्मेनं पुढं काही सांगायची गरजच उरली नाही. परसात तिनं सूत वाळत घातलं होतं, त्याला अक्काच्याच पेजेची खळ होती. मी त्या सुताकडं बघत उभी राहिले.

परत आत आले तेव्हा अक्का त्या चवडीकडं बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. त्या भाकरी निखाऱ्याशी लावल्या तर उद्या त्या कडक होणार, आणि गल्ली म्हणणार, बघा, खरंच आहे. तिला त्या वाळवताही येईनात. शेवटी पाच-सहा नरसम्मेच्या मागावरच्या माणसांना दिल्या, आणि उरलेल्या सगळ्या घरमालकाच्या गोठ्यात म्हशीपुढं टाकल्या. गरम भाकरी म्हशीनं एका घासात ओढली तेव्हा अक्कानं तोंड फिरवलं. संध्याकाळी तिनं दाराजवळची टोपलीही काढून आत माळ्यावर ठेवली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. भीती कशाची होती? अक्का मला पाटावरून उठवील याची. हे आज लिहायला सोपं जातं. त्या घराशिवाय सोलापुरात मला कुणी 'जेवलात का' म्हणून विचारत नव्हतं. सासरनं एकदा उंबऱ्याबाहेर काढलं होतं, दुसऱ्यांदा कुणी काढावं याची माझी तयारी नव्हती. म्हणून मी रोज दोन वेळा जाऊन त्याच पाटावर बसत होते, तिच्या हातचं खात होते, आणि तिच्या डोळ्यांकडं बघायचं टाळत होते.

सुगीचे ते दिवस एरवी किती सुंदर असतात. गावाबाहेर पडलं की खळी दिसायची, शाळूच्या कणसांचे ढीग, रानात उतरलेली धनगरांची मेंढरं, उन्हात सोनेरी धूळ. वैरागला माझ्या घरी याच दिवसांत रोज पाहुणे असत, चार-चार पंगती उठत. अक्काच्या घरात मात्र दोनपैकी एकच चूल पेटत होती. आठ माणसांना ती तसंच वाढत होती, तसंच हसत होती, पण दुपारी दोनच्या सुमाराला सगळं आवरून झालं की तिला काय करावं सुचत नसे. मोकळे हात मांडीवर ठेवून बसायची. त्या हातांना बावीस माणसांची सवय होती. घरमालकानं एकदा येऊन, जागा सोडायची असेल तर आधी सांगा, असं सांगितलं. मैंदर्गीला परत जायचं म्हणजे दिराच्या घरात एका कोपऱ्यात बसायचं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी वर्गात जाऊन दुरुस्ती केली. फळ्यासमोर उभी राहून सांगितलं, "मुलींनो, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. अक्का शिळं कधीच वाढत नाही. दुष्काळही मी माझ्याच मनानं घातला." मुलींनी ऐकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि घरी जाऊन कुणी सांगितलंही नाही. दुरुस्तीत गंमत नसते.

फाल्गुन लागला तेव्हा मी मन घट्ट केलं. शाळेची मधली सुट्टी आणि गिरणीचा दुपारचा भोंगा साधारण एकाच वेळी होई. मी तशीच नाक्यावर गेले. कपाळ मोकळं असलेल्या तरण्या बाईनं भर दुपारी गिरणी कामगारांच्या खानावळीच्या दारात उभं राहायचं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्याबद्दल वेगळं बोलावलंच. पण त्या क्षणी मला त्यांची आठवणही नव्हती. आत माणसं जेवत होती. मी दारातूनच म्हटलं, आवाज चिरका निघाला, "रामभाऊ, ते शिळ्या भाकरीचं मी वर्गात सांगितलं. ते खोटं होतं. अक्कानं तुम्हाला कधी शिळं वाढलं नाही."

चौदा माणसांचे हात थांबले. रामभाऊ उठून बाहेर आला. धिप्पाड माणूस, मिशांना आमटी लागलेली. मला वाटलं आता हा माझ्यावर ओरडणार.

तो खाली बघत म्हणाला, "बाई, आमाला ठावं हाय. चार वर्सं तिच्या हातचं खाल्लं, शिळं आन् ताजं आमाला कळत न्हाय व्हय? त्या दिशी डोकं फिरलं. चार पोरं हसली गिरणीत, म्हनून उठून आलो."

"मग परत का येत नाही?"

"कंच्या तोंडानं यावं?" तो म्हणाला. "त्या दिशी सकाळी आमी दारातनं सांगून गेलतो, दुपारी हाय म्हनून. चौदा मानसांचं थापून ठिवलं व्हतं तिनं. म्हशीला घातलं म्हनं. तिनं कदी कन टाकला न्हाय, आन् आमी तिला चाळीस भाकरी टाकाय लावल्या. ह्ये लई वंगाळ झालं, बाई. शिळ्याचं सोडा, ह्याला तोंड न्हाय आमाला."

मी तिथून निघाले ती सरळ अक्काच्या घरी. ती जोंधळा निवडत बसली होती. मी पाटावर न बसता जमिनीवरच बसले आणि सगळं सांगून टाकलं. वर्ग, दुष्काळ, उपाशी बहीण, टाळ्या, आणि आता रामभाऊ काय म्हणाला ते. सांगताना मला रडू आवरेना. अक्काचे हात सुपात फिरत राहिले. एक खडा सापडला, तो तिनं बाजूला टाकला.

"लाजत्यात व्हय ती?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या भोंग्याला नाक्यावर जावा. त्येंना म्हनावं, अक्कानं दुपारचं बावीस मानसांचं थापलंय."

"अजून थापलं कुठंय?"

"सांगशिला तवर थापलेलं आसंल."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं दोन्ही चुली पेटवल्या. मी नाक्यावर जाऊन निरोप दिला आणि शाळेत अर्धी रजा मागून परत आले. परातीत नव्या शाळूचं पीठ डोंगराएवढं. थप थप थप, तो आवाज महिनाभर त्या घरात नीट ऐकू आला नव्हता. अक्का घामानं भिजली होती. मला राहवेना. मी म्हटलं, "अक्का, ते नाही आले तर?"

"तर वाया जात्याल," ती म्हणाली.

आयुष्यात तिनं हे वाक्य आणखी कुणाकडं बोलल्याचं मला ठाऊक नाही. ते बोलताना तिचा हात थांबला नाही, पण मान वळली आणि ती दाराकडं बघू लागली. पंधरा, वीस, तीस. चवड वाढत चालली आणि प्रत्येक भाकरीबरोबर माझा जीव खाली खाली जात होता. ती जे आयुष्यभर जपत आली, ते सगळं तिनं आज चुलीवर ठेवलं होतं, तेही ज्यांनी तिला टाकलं त्यांच्या भरवशावर.

बाराचा भोंगा झाला. आधी आठ जण आले, नेहमीचे. बसले. अक्कानं वाढायला घेतलं नाही. गल्लीत ऊन पडलं होतं, एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. मी दाराआडून बघत होते. मग नाक्याकडून पागोटी दिसली, एकामागून एक, आणि पुढं रामभाऊ. दारात येऊन तो थांबला. त्यानं पायताण काढलं आणि हातात धरूनच उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला.

"पाय धुवा आन् बसा," अक्का आतूनच म्हणाली. "गार व्हाया लागलंय."

एकोणीस आले. तिघं नाही आले. त्यांनी नव्या जागी महिना भरला होता, किंवा आणखी काही असेल, मी विचारलं नाही. पण जे आले ते असे जेवले की मला दोनदा पीठ मळून द्यावं लागलं. तिघांच्या वाटच्या भाकरी कुणी मागून घेतल्या, ते कळलंही नाही. रामभाऊच्या डोळ्यांत जेवताना पाणी होतं. त्यानं शेजाऱ्याला सांगितलं की चटणी तिखट आहे. त्या दिवशी चटणी तिखट नव्हती.

हे सगळं लिहिताना मला कळतंय की मी पुन्हा अक्काचा धडाच करते आहे. पण या वेळी दुष्काळ घातलेला नाही आणि उपाशी बहीणही नाही. जे घडलं तेवढंच आहे. वैशाली विचारते, आत्या, एवढं काय लिहिताय? मी तिला म्हणते, चूक दुरुस्त करते आहे, वेळ लागतो. ती हसते आणि माझ्यासाठी चहा ठेवते.

तर त्या दिवशी सगळे गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. अक्कानं माझी ताटली वाढली, स्वतःची वाढून घेतली. आता मला विचारल्याशिवाय राहवेना.

"अक्का, तुम्हाला माझं हे कालच कळलं का?"

"न्हाय," ती म्हणाली. "ते लोक गेले त्याच दिशी कळलं. घरमालकाची बायको सांगून गेली, तुमीच शाळेत बोलला म्हनून."

माझा घास हातातच राहिला. महिनाभर मी तिच्यापासून लपवत होते आणि ती महिनाभर मला वाढत होती. मी म्हटलं, "मग तुम्ही मला बोलला का नाहीत? मला घरात कसं येऊ दिलंत?"

"तुमाला भूक लागत व्हती की."

"पण राग नाही आला?"

"आला की! लई आला." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. "दोन दिस तुमच्या आमटीत मूठभर मीठ घातलं म्या. नुसत्या तुमच्याच. खारट खारट."

मला आठवलं. ते दोन दिवस आठवले, जीभ पोळेल इतकं खारट. मी म्हटलं, "मला वाटलं, काळजीनं तुमचं ध्यान नाही. म्हणून बोलले नाही. सगळी संपवली."

"बगत व्हते की मी," अक्का म्हणाली. "दोनी दिस गुमान खाल्ली तुमी. डोळ्यांतनं पानी, पर वाटीत थेंब ठेवला न्हाय. म्हनून तर तिसऱ्या दिशी मीठ बरोबर घातलं."